एकशे पाचांच्या बाहेर

लायल वाव्रा माझा शेजारी. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आणि तो तिथल्याच फुटबॉल संघात काम करतो. म्हणजे गावाच्या लेखी खरी नोकरी त्याची, माझी आपली हौस. फुटबॉल म्हणजे आमच्याकडचा. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि समोरच्याच्या अंगावर जायचं. सामन्याच्या शनिवारी मैदानात जेवढी माणसं बसतात तेवढी अख्ख्या जिल्ह्यात राहतही नाहीत.

लायलचं काम मात्र लोकांना मैदानात दिसायचं नाही. तो वॉक-ऑन पोरं आणायचा. शिष्यवृत्तीवर खेळणारी मुलं लांबच्या राज्यांतून यायची, त्यांच्या घरी मुख्य कोच विमानानं जायचा. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, घरच्या पैशानं शिकत संघात राहणारी. ती यायची मक्याच्या शेतांमधल्या छोट्या गावांतून. तिथल्या शाळांत अकरा मुलं जमत नाहीत म्हणून आठ-आठ जणांचाच फुटबॉल खेळतात. अशा गावांत लायल आपली जुनी पिकअप घेऊन जायचा आणि कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात जेवूनच परत यायचा.

आठवडाभर या पोरांनी सरावात पुढच्या सामन्यातला शत्रू व्हायचं आणि मार खायचा. शनिवारी पूर्ण गणवेश घालून रेषेबाहेर उभं राहायचं. दोन-तीन वर्षांत त्यातला एखादा असा तयार व्हायचा की कोचला त्याला खेळवावंच लागे, आणि मग कुणाची तरी सुटलेली शिष्यवृत्ती त्याला मिळे. शिष्यवृत्त्या होत्या पंच्याऐंशी, त्यावर एकही नाही. पण संघात एकूण पोरं किती ठेवायची, यावर कुणाचंच बंधन नव्हतं. लायलचं सगळं आयुष्य त्या मोकळ्या जागेत गेलं.

त्याची बायको जोरीन. पूर्वी शाळेत संगीत शिकवायची. आता तिची मूत्रपिंडं गेलीत, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. त्याचा खर्च लायलच्या नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यातून भागतो. हे आधीच सांगते, कारण पुढे कुणीतरी विचारतंच की मग त्यानं नोकरी का नाही सोडली.

गॅरेट टेग्मायर हा त्याच्या शेवटच्या काही पोरांपैकी एक. त्याचे वडील गॅलन गुरं पाळतात. थोरला मुलगा वेस्टन यालाही लायलनंच संघात नेलं होतं. तो एकही सामना खेळला नाही, पण शिकून गुरांचा डॉक्टर झाला. त्यामुळे लायल धाकट्यासाठी गेला तेव्हा गॅलननं दारातच त्याला धरलं.

"आलास? एक पोरगा नेलास, तो आता माझ्याच गाईला सुई टोचून माझ्याचकडून फी घेतो. आता याला काय करणार, वकील?"

"याला काहीच करणार नाही. फार खातो असं ऐकलंय, म्हणून बघायला आलो."

गॅरेटची आई बर्नीटा हिनं चिली केली होती, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि बरोबर दालचिनीचे गोड रोल. दुसऱ्या एका छोट्या कॉलेजनं गॅरेटला निम्मी फी माफ करू म्हणून कळवलं होतं. बर्नीटा जेवण वाढता वाढता सरळ मुद्द्यावर आली.

"तिथे निम्मी फी माफ आहे. तुम्ही काय देता?"

"काही नाही," लायल म्हणाला. "पहाटे उठवतो, थंडीत मार खायला लावतो आणि वर फी तुम्हीच भरायची."

गॅलनला ठसका लागला. बर्नीटा हसली नाही. "मग त्यानं तुमच्याकडे का यावं?"

"येऊ नये असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. पण त्याच्या तोंडाकडे बघा जरा."

सगळ्यांनी पाहिलं. गॅरेट लाल होऊन बशीत बघत होता. त्याच्या भिंतीवर आमच्या संघाचं चित्र तो पाच वर्षांचा असल्यापासून होतं.

मग लायलनं त्याचा नेहमीचा शब्द दिला. "शिष्यवृत्तीचं वचन मी देत नाही. खेळायला मिळेल असंही म्हणत नाही. पण एक सांगतो, तो स्वतः सोडेपर्यंत त्याला तिथून कुणी काढणार नाही." हे वाक्य त्यानं किती स्वयंपाकघरांत उच्चारलं असेल कोण जाणे. तोवर ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

गॅरेट माझ्या वर्गात आला तो दुसऱ्या वर्षी. दारातून आत येताना खांदे थोडे तिरके करायचा. गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून माझ्या खोलीत बसायचा आणि सरासरीचं गणित तिसऱ्यांदा चुकलं की मलाच सॉरी म्हणायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, तू माझा अपमान नाही केलास, फक्त उत्तर चुकलंय." तर म्हणाला, "सवय आहे, मॅडम. आमच्याकडे चुकलं की अख्ख्या रांगेची माफी मागावी लागते." शेवटी तो चांगल्या गुणांनी पास झाला. मला त्याचं कौतुक होतं, आणि मी सहसा खेळाडूंचं कौतुक करत नाही.

तिसऱ्या वर्षापर्यंत तो आपल्या जागेवर दुसऱ्या क्रमांकाला आला होता. पहिलं वर्ष नुसतं सरावाचं, ते धरत नाहीत, म्हणून त्यानंतरही त्याच्या हाताशी दोन मोसम होते. फळीतली जागा त्याची, चेंडूला हात न लावता समोरच्याला रोखून धरायची. पहिल्या क्रमांकाचा मुलगा त्या वर्षी शिक्षण संपवून जाणार होता. लायल मला कुंपणापाशी म्हणाला, "प्रोफेसर, पुढच्या मोसमाची तिकिटं काढून ठेव. माझा टेग्मायर सुरुवातीच्या अकरांत असणार."

पण तोवर ट्रान्सफरचं वारं सुटलं होतं. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष नुसतं बसून काढावं लागे. ती अट गेली आणि दार सताड उघडलं. हिवाळा लागला की निम्मा संघ बोचकं बांधून तयार. कुणी जाई, त्याच्या जागी तिसऱ्याच राज्यातून कुणी येई. मुख्य कोच डेव्हरो नवीनच आला होता. पोरं घडवत बसायला त्याच्याकडे वेळ नव्हता, त्याला तयार माल हवा होता. गॅरेटच्या जागेवर जॉर्जियाहून एक मुलगा आला, ट्रेमेन. एकच वर्ष उरलेला, दांडगा, दोन मोसम खेळून आलेला.

ट्रेमेन चांगला निघाला, ही त्यातली पंचाईत. वाईट असता तर त्याचा राग तरी करता आला असता. त्याला थंडी सोसेना तेव्हा गॅरेटनं वडिलांचा जुना कोट आणून दिला. आमच्या संघाच्या खुणा, इशारे, सगळं त्याला गॅरेटनंच शिकवलं. ज्याची जागा गेली तोच तिची माहिती देत बसला होता.

"एक वर्ष धीर धर," लायल त्याला म्हणाला. "हा गेला की जागा तुझी. आणि शेवटच्या वर्षी शिष्यवृत्तीही तुझी. मी नाही, खुद्द कोच म्हणालाय."

आणि डेव्हरो खरंच म्हणाला होता, सगळ्या संघासमोर, गॅरेटच्या पाठीवर थाप मारून. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बर्नीटानं त्या दिवशी चर्चमधल्या प्रत्येकीला ते सांगितलं.

त्याच शरदात नव्या नियमाची बातमी आली. कुठल्या कुठे चाललेला, खेळाडूंच्या मोबदल्याचा खटला, त्याची तडजोड, आणि तिच्यात एका ओळीत आमच्या गावाचं भवितव्य. एका संध्याकाळी लायल माझ्या मागच्या दारी आला. हातात काहीच नव्हतं, तरी हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"प्रोफेसर, एक गणित सांग. आजवर शिष्यवृत्त्या पंच्याऐंशी आणि पोरं कितीही. आता म्हणतात, शिष्यवृत्ती हवी तितक्यांना द्या, पण पोरं एकशे पाच. त्यावर एकही नाही. आमच्याकडे आहेत एकशे तीसच्या वर. यात माझी पोरं कुठे बसतात?"

मी त्याला खुर्ची दिली. "नाही बसत," मी म्हटलं.

"तेच मलाही वाटलं. पण मला वाटलं, तुला काहीतरी वेगळं उत्तर येत असेल."

ऐकायला नियम भलताच उदार होता. संघातल्या प्रत्येकाला शिष्यवृत्ती देता येणार होती. म्हणजे पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं ठरलं, फक्त पाट कमी मांडले. त्यातून डेव्हरोला सगळे एकशे पाचही भरून चालणार नव्हते. वसंतात आणखी ट्रान्सफर येतील म्हणून काही जागा त्याला रिकाम्या ठेवायच्या होत्या. जी पोरं हजर होती त्यांना काढून, जी अजून आलीच नव्हती त्यांच्यासाठी.

हिवाळाभर लायल म्हणत राहिला की काहीतरी मार्ग निघेल. मोसम संपला, ट्रेमेन निरोप घेऊन गेला. जागा मोकळी झाली आणि गॅरेट वसंताच्या सरावात पहिल्या फळीत उभा राहू लागला. लायल मला म्हणाला, "बघ, तो एकशे पाचांत बसतो. डेव्हरोला दिसतंय की." सराव संपायच्या सुमारास ओहायोकडून दोन ट्रान्सफर आले, दोघेही त्याच जागेचे. मग डेव्हरोनं लायलला बोलावलं.

ते बोलणं लायलनं मला जसंच्या तसं सांगितलं, बहुतेक ते त्याच्या डोक्यातून जात नसावं म्हणून.

"पंचवीस-तीस जणांना सांगायचंय," डेव्हरो म्हणाला. "तू सांग. तुझं ऐकतात."

"ऐकतात म्हणूनच मी सांगू नये."

"मग मी सांगतो. मला त्यातल्या निम्म्यांची नावं येत नाहीत, लायल. ते बरं दिसेल?"

लायल म्हणाला, "टेग्मायरला ठेव. तू सगळ्यांसमोर बोललायस."

"बोललो होतो. तेव्हा मनापासून बोललो होतो." डेव्हरोनं डोळे चोळले. "हे बघ, गेल्या वर्षी आपण सहा सामने जिंकलो. यंदा सात-आठ नाही जिंकले तर मला असंच कुणीतरी समोर बसवून सांगेल. ओहायोची पोरं त्याच्यापेक्षा सरस आहेत. थोडीच सरस आहेत, मान्य. पण मी थोड्यावरच जगतो."

"त्यांच्यातला एक बारावा गडी म्हणून बसेल नुसता."

"बसेल. पण एखाद्याचा गुडघा गेला तर तो खेळू शकेल. नियम मी केलाय का?"

"नाही."

"तू केलायस?"

"नाही."

"मग आपण दोघंच इथे एकमेकांवर का ओरडतोय?"

लायल म्हणाला की खरं तर दोघंही ओरडत नव्हते. अगदी हळू आवाजात बोलत होते.

त्या संध्याकाळी कुंपणापलीकडून मी पहिल्यांदा लायलचा चढलेला आवाज ऐकला. जोरीन म्हणत होती, "राजीनामा दे. तोंडावर फेक त्यांच्या. माझं आपण बघू."

"काय बघू? काय बघणार आहोत आपण?"

"काहीतरी बघू."

"जोरीन, उद्या मंगळवार आहे. उद्या सकाळी तुला त्या मशीनवर बसायचंय. काय बघू?"

नंतर जोरीनचा पियानो ऐकू आला, चुकत चुकत, बोटांना सूज असली की वाजवते तसा.

पोरांना त्यानं एकेकाला आपल्या खोलीत बोलावून सांगितलं. डेव्हरोचं म्हणणं होतं सगळ्यांना एकत्र सांगून मोकळा हो, पण त्यानं ते ऐकलं नाही. एका मुलानं भिंतीवर मूठ आपटली. एक जण बाहेर जाऊन ओकला. एकानं बापाला फोन लावून लायलच्या हातात दिला आणि बापानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लायल "हो", "खरंय" म्हणत ऐकत राहिला.

गॅरेटला त्यानं शेवटी बोलावलं. गॅरेट सरावाच्या कपड्यांत आला आणि खांदे तिरके करून आत शिरला. त्यानं सगळं उभ्यानं ऐकलं. मग म्हणाला, "येस सर."

"गॅरेट, मला काहीतरी बोल. शिव्या दे."

"नाही, कोच." मग त्यानं विचारलं, "आज दुपारी वजनं उचलायचा वार आहे. जाऊ का? की लगेच थांबायचं?"

असं कुणी विचारेल हे लायलच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं खाली जाऊन विचारलं, तर व्यायामशाळेचं दार उघडायचं गॅरेटचं कार्ड सकाळीच बंद केलं होतं.

त्यानंतर महिनाभर लायल फोनला चिकटलेला. ज्या ज्या कॉलेजात त्याच्या ओळखीचा कोच होता, त्या प्रत्येकाला त्यानं गॅरेटबद्दल सांगितलं. पण नियम सगळीकडे तोच. प्रत्येक मोठ्या कॉलेजनं आपली पोरं काढली होती, आणि ती सगळी एकाच वेळी दुसऱ्यांच्या दारात उभी होती. मोठ्यांची पोरं मधल्यांकडे गेली, मधल्यांची छोट्यांकडे, आणि छोट्यांची घरी. ज्या कॉलेजनं गॅरेटला पूर्वी निम्मी फी माफ करू म्हटलं होतं तिथला कोच लायलला म्हणाला, "त्याला चार वर्षांपूर्वी का नाही पाठवलंस? त्या जागेसाठी आज माझ्याकडे अठ्ठावीस फोन आलेत." लायलनं फोन खाली ठेवला आणि अंगणात जाऊन गवत कापलं. आदल्या दिवशीच कापलं होतं.

तेवढ्यात कोर्टातून बातमी आली. न्यायाधीशांनी तडजोड अडवून धरली होती. ज्या मुलांना या नियमापायी काढलं त्यांचं काहीतरी करा, असं त्यांनी सांगितलं होतं. नवी तरतूद झाली की काढलेल्यांना परत घेता येईल, आणि ती एकशे पाचांत मोजली जाणार नाहीत. लायलनं गाडीतच रेडिओवर ऐकलं. रस्त्याकडेला थांबून त्यानं टेग्मायरांना फोन केला. "थांबा," तो म्हणाला, "अजून काही संपलेलं नाही."

गॅरेट तेव्हा घरी होता. त्या दिवसापासून त्यानं यंत्रांच्या शेडमध्ये पुन्हा वजनं उचलायला सुरुवात केली. बर्नीटानं पुन्हा चर्चमध्ये सांगितलं.

परत घेता येईल, असं होतं. घ्यावंच, असं नव्हतं. या दोन शब्दांतला फरक आमच्या विद्यापीठाच्या वकिलांनी लगेच ओळखला. क्रीडाविभागाच्या बैठकीत कुणी म्हणालं की लॉकरची खोली एकशे पाचांसाठीच नव्यानं बांधलीय. कुणी म्हणालं की एकाला घेतलं तर सगळ्यांना घ्यावं लागेल. डेव्हरो म्हणाला की संघाची घडी बसलीय, आता पुन्हा नको. शेवटी तिघांना परत घेतलं. एक चेंडू लाथाडणारा, कारण त्या जागेला कुणीच नव्हतं. उरलेले दोघे का आणि गॅरेट का नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लायल त्या बैठकीत होता. त्यानं हात वर केला, बोलला, आणि त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं.

"त्याला एकट्याला गाडी चालवू देऊ नकोस," जोरीन मला म्हणाली. म्हणून टेग्मायरांच्या घरी मी त्याला घेऊन गेले. वाटेत तो एकदाच बोलला. "फोनवर सांगितलं असतं तर चाललं नसतं का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "चाललं असतं." "हो ना," तो म्हणाला, आणि आम्ही जातच राहिलो.

गॅलन फाटकाची बिजागरी बदलत होता. आम्ही उतरलो तरी त्यानं पाना खाली ठेवला नाही. बहुधा लायलच्या चालण्यावरूनच त्याला कळलं असावं.

"न्यायाधीश म्हणाले ना, परत घ्या?"

"घ्या नाही म्हणाले, गॅलन. घेता येईल म्हणाले."

"आणि घेता येत असून घेत नाहीत."

"नाही घेत."

"का?"

"कारणं सांगितली. त्यातलं एकही तुला सांगण्यासारखं नाही."

गॅलननं पाना फाटकावर आपटला. गुरं दचकून बाजूला झाली. "तू इथे बसून जेवला होतास, लायल. माझ्या टेबलावर. मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. शिष्यवृत्ती मागितली का? खेळवा म्हणालो का? तूच होऊन बोललास की कुणी काढणार नाही. तूच बोललास!"

"मीच बोललो."

"मग?"

मी मधे काहीतरी बोलायला तोंड उघडलं, एक न्याय्य, मुद्देसूद वाक्य, आणि पुन्हा मिटलं. शेडमधून लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज येत होता. ठण्ण. मग थोडी शांतता, मग पुन्हा ठण्ण.

"त्याला तू सांग," गॅलन म्हणाला. "माझ्याच्यानं दुसऱ्यांदा बघवणार नाही."

लायल शेडमध्ये गेला. तो आत शिरल्यावर आवाज थांबला. आम्ही बाहेर होतो, आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. थोड्या वेळानं दोघं बाहेर आले. गॅरेट घामानं भिजला होता. तो सरळ बापाजवळ गेला, फाटकाचं वरचं टोक धरून उचललं आणि म्हणाला, "बाबा, बिजागरी लाव. मी धरतो." बर्नीटानं दारातून आम्हाला जेवायला बोलावलं. तिच्या आवाजात राग होता, पण तिच्या घरातून उपाशी कुणी जात नाही. आम्ही जेवलो. लायलनं वाढलेलं सगळं ताट संपवलं.

शरदात मोसम सुरू झाला. लायलला नवं काम दिलं होतं. दुसऱ्या कॉलेजांच्या खेळाडूंच्या चित्रफिती बघायच्या आणि ट्रान्सफर म्हणून कोण घेण्यासारखं आहे ते सांगायचं. पडदे ओढलेल्या खोलीत तो दिवसभर बसायचा. "वजन दिसतं, वेग दिसतो," तो मला म्हणाला, "याची आई कशी आहे ते नाही दिसत." पहिल्या सामन्याला अडुसष्ट नंबरचा मुलगा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि लायलला त्याचं नाव आठवेना. ज्या माणसाला पोरांच्या गावच्या किराणा दुकानदारांचीही नावं येत, त्याला. तो नंबर गॅरेटचा होता. संघानं त्या वर्षी पाच सामने जिंकले आणि डेव्हरोला काढलं. गावानं त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. लायलनं नाही घेतलं. तो डेव्हरोकडे खोकी भरायला मदत करायला गेला.

गॅरेट एक साधा विद्यार्थी म्हणून परत आला आणि उरलेलं शिक्षण पुरं केलं. सामन्याच्या दिवशी तो गावात नसायचा, घरी जायचा. मला तो वाटेत भेटायचा, वजन उतरलेलं, खांदे मोकळे. दारातून आत येताना मात्र अजून तिरका व्हायचा.

पदवीदानाला लायल आणि मी गेलो. मागच्या रांगेत बसलो. नंतर हिरवळीवर टेग्मायर उभे होते. बर्नीटानं डबा भरून केक आणला होता आणि ओळखीचा-अनोळखी जो दिसेल त्याला ती तुकडा देत होती. गॅलननं लायलशी हात मिळवला, हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलला आणि दुसऱ्या कुणाकडे वळला. पूर्वीसारखी थट्टा त्यानं केली नाही.

गॅरेट काळ्या झग्यात आमच्याजवळ आला. बियाणांच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, ते त्यानं सांगितलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कोच, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"ठेवलं असतं ना मला, तर मी खेळलो असतो का? म्हणजे, खरंच अकरांत आलो असतो?"

लायलनं त्याच्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. मी त्याच्या जागी असते तर हो म्हटलं असतं.

"माहीत नाही," लायल म्हणाला. "मी खूप विचार केला, गॅरेट. ती दोन पोरं चांगली होती. तू त्यांना हरवलं असतंस किंवा नसतंस. मला नाही माहीत."

गॅरेटनं मान हलवली. "मलाही नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, निदान तुम्हाला असेल."

बर्नीटानं लांबूनच त्याला फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला. लायलच्या हातात कागदी बशी होती, तिच्यात केकचा तुकडा. काटा कुठे मिळतोय का ते तो इकडेतिकडे बघत होता.